खर्ची पडलेली काडतुसं

मंडळी, दारूगोळ्याची चोरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मध्यरात्र आणि कापलेलं कुंपण येतं. तसं घडलंही आहे. ते आधी सांगून टाकतो, नाहीतर शेवटी कुणीतरी विचारणारच.

जून 2017. पोर्तुगालमध्ये तांकुश इथल्या लष्करी कोठाराच्या कुंपणाला भोक पडलेलं सापडलं. हातबॉम्ब, रणगाडाविरोधी रॉकेटं, स्फोटकं आणि 9 मिलिमीटरची सुमारे 1,450 काडतुसं गायब! कॅमेरे होते, पण दोनेक वर्षं बंद. (हसू नका, तुमच्या सोसायटीतले चालू आहेत का?) सप्टेंबरात संरक्षणमंत्री मुलाखतीत म्हणाले, कदाचित चोरी झालीच नसेल. ऑक्टोबरात निनावी फोन आला, लष्करी पोलीस गेले आणि माल घेऊन आले. काडतुसं मात्र मिळाली नाहीत. बाकीचा माल मोजला, तर यादीपेक्षा एक पेटी जास्त! चोरांनी व्याजासकट परतफेड केली म्हणायची. पुढच्या वर्षी लष्करी पोलिसांच्या प्रमुखालाच अटक झाली. माल 'सापडणं' हाच बनाव असल्याचा संशय होता. मंत्र्यांनी राजीनामा दिला, पुढे न्यायालयात ते निर्दोष सुटले. तो खटला हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आयोजकांनी बोलावलं तर.

मला छळते ती जास्तीची पेटी. ती चोरांनी पदरची घातली नसेल, तर नोंदवही चोरीच्या आधीच चुकलेली होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळतच सांगतो.

प्रत्येक रायफलीला स्वतःचा क्रमांक असतो, एक हरवली की शोधाशोध होते. काडतुसाच्या बुडावर फार तर कारखान्याची आणि वर्षाची खूण, ती हजारोंवर सारखीच. शिवाय काडतुसाचं कामच संपून जाणं. सरावाला 500 काढली, 420 उडाली, अंधार पडला. उरलेली 80 परत करायची तर पुन्हा मोजणी, पुन्हा सह्या. मग 500 खर्ची. त्या क्षणापासून ती 80 कागदावर नाहीत, त्यामुळे चोरीला जाऊच शकत नाहीत! बहुतेकदा ती विकलीही जात नाहीत. पुढे कधी तूट आली तर भरायला असावीत म्हणून कपाटात पडून राहतात.

जर्मनीच्या केएसके या विशेष दलात 2020 मध्ये काडतुसं कमी भरत होती. निमूटपणे आणून द्या, कारवाई नाही, असं सांगितलं गेलं. हजारोंनी जमा झाली, कमी होती त्यांच्याहूनही जास्त. पुन्हा तीच जास्तीची पेटी!

उपाय? रिकाम्या पुंगळ्या वजनावर परत घ्या, आणि खर्चाची सही सराव घेणाऱ्याची नको, दुसऱ्या तुकडीतल्या माणसाची हवी. पुंगळ्यांतही लबाडी होते, पण... बरं, घंटा झाली. प्रश्न विचारा, फक्त कुंपणाबद्दल नको.