लोदोस सुटला की

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘पाठीवर सॅक, स्वप्नातलं शहर’. आता आधीच कबूल करतो, पहिले तीन दिवस मला ते शहर अजिबात आवडलं नव्हतं.

शाळेच्या इतिहासात एक वाक्य होतं, तुमच्याही पुस्तकात असणार. 1453 साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि युरोपियनांना भारताकडं यायला नवा रस्ता शोधावा लागला. एका मार्काची रिकामी जागा. बाकीच्या पोरांनी ती भरली आणि विसरून गेली. आमचं पडलं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. मला वाटलं, आपला माल अडवणारं गाव ते हेच! तेव्हापासून ते, म्हणजे आजचं इस्तंबूल, डोक्यात बसलं. पुढं एका कॅलेंडरवर निळं पाणी, घुमट, मनोरे असा त्याचा फोटो बघितला आणि मी कामातून गेलो.

2017 च्या नोव्हेंबरात गेलो. बेत असा, की चार रात्री इस्तंबूल आणि मग दोन आठवडे बाकीचा देश. होस्टेलच्या खोलीत आठ कॉट, त्यातली वरची माझी, खाली घोरणारा जर्मन. बाहेर बारीक पाऊस. कॅलेंडरवाल्यानं पाऊस छापला नव्हता. आया सोफिया बघितली. इ.स. 537 ची इमारत. आधी चर्च, मग मशीद, मी गेलो तेव्हा संग्रहालय, 2020 पासून परत मशीद. घुमट अफाट आहे, त्यात वाद नाही. पण तासभर रांगेत उभं राहून आत गेलेल्या माणसाला घुमटापेक्षा बाकडं सुंदर दिसतं.

चौथ्या दिवशी मसाल्याच्या बाजारात गेलो. मिसर चार्शी म्हणतात त्याला, सतराव्या शतकातला आहे. वडिलांनी निघताना बजावलं होतं, ‘बाकी काय बघायचं ते बघ, पण हळद कशी विकतात ते बघून ये.’ एका दुकानात पिवळ्याजर्द पुडीचा देवळाच्या कळसासारखा ढीग. दुकानदार म्हणाला, ‘इंडियन सॅफ्रन, माय फ्रेंड!’ हिंदुस्थानी केशर! मी चिमूट घेतली, वास घेतला, तळहातावर थेंबभर पाण्यात मळली. आता सांगलीत अडत्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे केशर म्हणून कोण खपवणार? आमची राजापुरी हळद नव्हती, एवढं छातीठोक सांगतो. त्याला म्हटलं, ‘झेर्देचाल.’ तुर्कीत हळदीला हाच शब्द आहे, होस्टेलवर शिकून ठेवला होता. तो क्षणभर गप्प. मग मी मोबाइलवर आमच्या सौद्याचे फोटो दाखवले. पोती, हळकुंडं, हातरुमालाखाली बोटं दाबून भाव करणारी माणसं. त्यानं शेजारच्या दोन दुकानदारांना हाका मारून ते फोटो दाखवले आणि मला स्टुलावर बसवून चहा मागवला. मी पैसे काढले तर हात आडवा केला. म्हणाला, ‘मिसाफिर.’

आपला मुसाफिर तो हाच. आपल्याकडं मुसाफिर म्हणजे वाटसरू, आला तसा जाणारा. तुर्कीत त्याच शब्दाचा अर्थ पाहुणा. असे शब्द तिथं पावलोपावली भेटतात. हॉटेलात बिल मागायचं तर ‘हेसाप’ म्हणायचं, म्हणजे आपला हिशेब. दुकान तर जवळजवळ दुकानच.

पण खरा जीव जडला तो पाण्यापायी. मी मुक्काम पलीकडं, आशियाच्या बाजूला कादिकोयला हलवला. रोज वापुरनं अलीकडं यायचं. वापुर म्हणजे तिथली प्रवासी बोट. वीसेक मिनिटं लागतात. नोकरदार माणसं कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात चहा घेऊन बाहेरच्या बाकड्यावर बसतात, आणि सीगल पक्षी सिमितच्या, म्हणजे तीळ लावलेल्या कडक कड्याच्या तुकड्यासाठी बोटीच्या मागं लागतात.

त्या पाण्याची, म्हणजे युरोप आणि आशियाच्या मधल्या बॉस्फरस सामुद्रधुनीची एक गंमत ऐका. वरचं पाणी काळ्या समुद्राकडून दक्षिणेला वाहतं आणि खालून दुसरा प्रवाह उलटा, उत्तरेला जातो. खालचं पाणी जवळजवळ दुप्पट खारट, म्हणून जड. सतराव्या शतकात मार्सिली नावाच्या इटालियन तरुणानं दोरीला पांढरे रंगवलेले बूच बांधून ती खोल सोडली. वरचे बूच एका दिशेला सरकले, खालचे उलट्या. कोळ्यांना हे आधीच ठाऊक होतं म्हणतात. आपल्याकडंही नदीचं खरं शास्त्र आधी नावाड्यालाच कळतं.

तर एका सकाळी धक्क्यावर गेलो आणि गर्दी तुंबलेली. वापुर बंद. लोदोस सुटला होता. लोदोस म्हणजे नैऋत्येचा दांडगा वारा. तो सुटला की लाटा उसळतात, बोटी थांबवतात आणि अख्खं गाव कुरकुरायला लागतं. कुणाचं डोकं दुखतं, कुणाचे सांधे, सगळं त्या वाऱ्याच्या नावावर. समुद्राखालून बोगद्यातली रेल्वे 2013 पासून आहे, तरी माणसं धक्क्यावरच उभी. पाण्याकडं बघतायत, एकमेकांना विचारतायत, थांबेल का, दुपारी सुटेल का. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. ऑगस्टात कृष्णा चढली की आपण सांगलीकर दुसरं काय करतो? ‘आयर्विन पुलाला पाणी किती फूट?’ चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका हे शेंबड्या पोरालाही पाठ. टीव्हीवर आकडा येत असतो, तरी आपण पुलावर जाऊन बघणारच.

मी पण तिथं तासभर उभा राहिलो. मला कुठं पोचायचंही नव्हतं. एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून हात झटकले, ‘काय सांगायचं आता’ अशा अर्थानं, आणि मीही तसेच झटकले. बाकीचा देश राहून गेला. अठरा रात्री मी तिथंच काढल्या.

माझ्या मोबाइलवर हवामानात आजही दोनच गावं आहेत. परवा जेवताना सहज बघितलं आणि म्हटलं, ‘आज तिकडं लोदोस आहे, वापुर बंद असणार.’

आई भाकरी थापता थापता थांबली. ‘आन् मग माणसं घरला कशी जायाची?’