लान्स रेडिक : बाल्टिमोरचा आवाज, टॉवरमधला सेनापती

(दृश्य : बाल्टिमोर शहर, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या रांगा)

'जॉन विक' हे सिनेमे पाहिलेल्यांना कॉन्टिनेन्टल हॉटेलच्या काउंटरमागचा शॅरन नक्की आठवत असेल. चष्मा, नीटस सूट, आणि कधीच न चढणारा आवाज. समोर भाडोत्री मारेकरी उभा असो की कुणाचा कुत्रा सांभाळायचा असो, शॅरनचं अदब सुटत नाही. वाट्याला वाक्यं मोजकीच, तरी तो लक्षात राहतो. ही भूमिका लान्स रेडिक यांची. सिनेमानं त्यांना जगभर ओळख दिली, पण त्यांची सर्वांत मोठी कामं टेलिव्हिजनवर आणि व्हिडिओ गेममध्ये आहेत. हा व्हिडिओ त्या कामांबद्दल आहे.

रेडिक यांचा जन्म ७ जून १९६२ चा, बाल्टिमोरचा. अभिनय हे त्यांचं पहिलं वेड नव्हतंच. त्यांना संगीतकार व्हायचं होतं. बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत त्यांनी धडे घेतले, मग रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकमधून पाश्चात्त्य अभिजात संगीतरचनेची पदवी घेतली. पुढची वर्षं बॉस्टनमध्ये गेली. पोटासाठी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करताना पाठीला मोठी दुखापत झाली आणि त्यानंतर ते अभिनयाकडे वळले. येल विद्यापीठाच्या नाट्यविभागातून १९९४ मध्ये ते बाहेर पडले तेव्हा तिशी ओलांडली होती.

त्यांच्या अभिनयातलं सगळं मला या संगीताच्या शिक्षणात सापडतं. रेडिक वाक्य बोलण्याआधी किंचित थांबतात. महत्त्वाचा शब्द जोरात म्हणण्याऐवजी ते तो खाली आणतात. दोन वाक्यांमधली शांतता किती लांबवायची, याचं भान लय शिकलेल्या माणसाचं आहे.

(दृश्य : पोलीस ठाण्यातली खोली, भिंतीवर लावलेले फोटो आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा)

तुरुंगातल्या आयुष्यावरच्या 'ऑझ' या एचबीओ वाहिनीच्या मालिकेत त्यांनी गुप्तपणे कैदी बनून आत शिरलेला पोलीस साकारला. २००० मध्ये लेखक-निर्माते डेव्हिड सायमन यांच्या 'द कॉर्नर' या मालिकेत ते एका व्यसनी माणसाच्या भूमिकेत दिसले. दोन वर्षांनी सायमन यांनी 'द वायर' सुरू केली, तीही बाल्टिमोरवरच. रेडिक यांनी आधी दुसऱ्या भूमिकांसाठी चाचणी दिली होती. त्यांच्याकडे आला लेफ्टनंट सेड्रिक डॅनियल्स, अमली पदार्थांच्या टोळीमागे लागलेल्या तुकडीचा प्रमुख.

'द वायर'चे पाच सीझन झाले, २००२ ते २००८. डॅनियल्स हा सज्जन पण सावध माणूस. वरिष्ठांना दुखवायचं नाही आणि कामही सोडायचं नाही, ही कसरत रेडिक फक्त जबडा आवळून दाखवतात. शेवटी डॅनियल्स पोलीस आयुक्तपदापर्यंत पोहोचतो. गुन्ह्यांचे आकडे राजकारण्यांच्या सोयीनं फिरवा असं सांगितल्यावर तो ती खुर्ची सोडतो आणि वकिली पत्करतो. त्या प्रसंगात आरडाओरडा नाही, भाषण नाही. स्वतःच्याच गावातल्या प्रामाणिक माणसाची कोंडी इतक्या कमी साधनांत उभी करणारा नट माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

त्यानंतर अधिकाऱ्यांच्या भूमिका येतच राहिल्या. 'लॉस्ट'मधला गूढ मॅथ्यू अबॅडन. 'फ्रिंज'मध्ये एफबीआयचा फिलिप ब्रॉइल्स, आणि समांतर विश्वातला त्याचाच कठोर जुळा. 'बॉश'मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख अर्विन अर्विंग. या अर्विंगचा पोलिसात असलेला मुलगा मारला जातो, तेव्हा गणवेशामागचा बाप दिसतो. बाकी वर्दी तीच, दर वेळी माणूस वेगळा.

(दृश्य : 'डेस्टिनी'मधला टॉवर, कठड्याजवळ उभा असलेला निळ्या कातडीचा सेनापती)

सप्टेंबर २०१४ मध्ये बंजी कंपनीचा 'डेस्टिनी' हा व्हिडिओ गेम आला. मानवजातीच्या शेवटच्या शहराचं रक्षण हा त्याचा विषय. त्यातल्या कमांडर झवालाला रेडिक यांनी आवाज दिला. मालिकेतला नट आठवड्यातून एकदा भेटतो. झवाला मात्र टॉवरमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या तळावर, रोज उभा असतो. खेळाडू लढून परत येतो, त्याच्याकडून नवं काम घेतो, पुन्हा निघतो. असं वर्षानुवर्षं चालतं. कामावरून थकून घरी आलेली कितीतरी माणसं रोज रात्री हाच आवाज ऐकत होती.

असं काम करणं सोपं नसतं. समोर दुसरा नट नसतो, प्रकाशयोजना नसते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकट्यानं उभं राहून वाक्यं म्हणायची, आणि त्याच वाक्याची अनेक रूपं द्यायची, कारण खेळाडू कधी कोणत्या क्षणी येईल ते आधी ठरलेलं नसतं.

२०१६ चा 'क्वांटम ब्रेक' हा फिनलंडच्या रेमेडी कंपनीचा प्रयोग. खेळाच्या टप्प्यांच्या मधोमध खऱ्या नटांनी केलेल्या मालिकेचे भाग. रेडिक यांचा मार्टिन हॅच दोन्हीकडे होता. पुढच्या वर्षी 'होरायझन झीरो डॉन'मध्ये सायलेन्स आला. हा ज्ञानाचा भुकेला, स्वार्थी संशोधक नायिका एलॉयशी बहुतेक वेळ दुरूनच, कानातल्या यंत्रातून बोलतो. चेहरा रेडिक यांचाच, पण खेळाडूचा विश्वास आणि संशय दोन्ही सांभाळतो तो आवाज.

माझ्या मते त्यांचं गेममधलं सर्वोत्तम काम २०२२ चं आहे. 'डेस्टिनी २'च्या एका पर्वात झवालासमोर त्याची दिवंगत पत्नी साफिया दुःस्वप्न होऊन येते आणि त्यांच्या मारल्या गेलेल्या मुलाचा जाब विचारते. इतकी वर्षं आज्ञा देणारा आवाज तिथे पहिल्यांदा अडखळतो. आधीची सगळी शिस्त ऐकलेली असल्यामुळे ते अडखळणं काळजाला भिडतं.

रेडिक स्वतः 'डेस्टिनी' मनापासून खेळायचे. खेळाडूंनी थट्टेचा विषय केलेली झवालाची वाक्यं ते हौसेनं म्हणून दाखवत आणि व्हिडिओ टाकत.

१७ मार्च २०२३ रोजी लॉस एंजेलिसमधल्या घरी त्यांचं निधन झालं. वय साठ. बातमी कळताच खेळाडू टॉवरमध्ये जमू लागले. कुणी बोलावलं नव्हतं. झवालासमोर ओळी लागल्या, कुणी सलामी दिली, कुणी गुडघे टेकले. त्यांच्या पत्नीनं नंतर निवेदन काढून या हजारो खेळाडूंचे आभार मानले.

आठवड्याभरात 'जॉन विक'चा चौथा भाग प्रदर्शित झाला. एप्रिलमध्ये 'होरायझन'च्या विस्तारात, म्हणजे खेळाला जोडलेल्या नव्या भागात, सायलेन्स पुन्हा दिसला. २०२४ च्या सुरुवातीला 'पर्सी जॅक्सन' मालिकेत ते झ्यूस झाले.

(दृश्य : ध्वनिमुद्रणाची खोली, समोर माइक)

झवालाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. बंजीनं कीथ डेव्हिड या नटाला निवडलं. याच कंपनीच्या 'हेलो २' या गेममध्ये त्यांनी आर्बिटर या पात्राला आवाज दिला होता. खेळात तेव्हा असलेली रेडिक यांची वाक्यं तशीच ठेवू, असंही कंपनीनं सांगितलं. जून २०२४ च्या 'द फायनल शेप' या 'डेस्टिनी २'च्या विस्तारात झवालाचं तेच जुनं दुःख डेव्हिड यांनी पुढे नेलं, नक्कल न करता, आपल्या जड आवाजात. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतले गेममधले कलावंत संपावर गेले. आपला आवाज आणि हालचाली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रानं परवानगीशिवाय, मोबदल्याशिवाय वापरू नयेत, ही त्यांची मुख्य मागणी होती. ती मागणी शंभर टक्के रास्त होती. आणि झवाला एका जिवंत नटाच्या हाती सोपवला गेला, याचा मला मनापासून आनंद आहे.