सशाच्या मेंदूतील गुठळी

चंचुपात्रात साकळलेले हे रक्त सशाचे आहे. मेंदूत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातावरील औषध तपासण्यासाठी ते वापरतात. या गुठळीचे बारीक तुकडे करून ते चाळले जातात आणि मानेतील धमनीत बसवलेल्या नळीतून मेंदूकडे सोडले जातात. नळी बसवताना सशाला भूल दिलेली असते. गुठळ्या मात्र तो शुद्धीवर आल्यावर सोडतात, कारण परीक्षा त्याच्या हालचालींची असते. एखादा ससा कलंडतो, एखादा गोल फिरत राहतो, काही दगावतात, तर काहींना काहीच होत नाही. निम्म्या सशांमध्ये बिघाड घडवण्यास मेंदूत किती मिलिग्रॅम गुठळी पोहोचावी लागते, हे मोजले जाते. औषध दिल्यावर हा आकडा वाढला, तर औषधाचा उपयोग झाला असे मानतात.

संशोधक जस्टिन झिविन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सशांवर टीपीए या गुठळी विरघळवणाऱ्या प्रथिनाचा परिणाम दाखवला. टीपीए गुठळीला बांधून ठेवणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटून तेथील प्लाझ्मिनोजेन या रक्तातील निष्क्रिय प्रथिनाचे सक्रिय प्लाझ्मिन करते आणि प्लाझ्मिन ते धागे तोडते. अमेरिकेतील ६२४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघातानंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेले रुग्ण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी अधिक होती. मात्र मेंदूत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव ६.४ टक्के रुग्णांना झाला, औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. पुढच्याच वर्षी तेथे पक्षाघातासाठी या औषधाला मान्यता मिळाली.

तरीही प्राण्यांतील निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत. माणसाला टीपीए दर किलो वजनामागे ०.९ मिलिग्रॅम पुरते, तर उंदरांवरील प्रयोगांत सहसा १० मिलिग्रॅम दिले जाते. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे दुसरे औषध तर उंदराच्या प्लाझ्मिनोजेनवर फारसे चालतच नाही. म्हणूनच मानवी प्लाझ्मिनोजेन तयार करणारे उंदीर मुद्दाम घडवावे लागले. शिवाय प्रयोगातला प्राणी बहुधा तरुण आणि निरोगी असतो आणि त्याची गुठळी ताजी असते, तर रुग्ण अनेकदा वयस्कर, रक्तदाब किंवा मधुमेह असलेला असतो.

प्रयोगाची आखणी सदोष असेल, तर त्यात गेलेला प्रत्येक जीव वाया जातो, आणि हे अक्षम्य आहे. म्हणूनच पक्षाघाताच्या संशोधकांनी १९९९ मध्ये आखलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या शिफारशींत एकाहून अधिक प्रजाती, वयस्कर आणि रक्तदाब असलेले प्राणी, तसेच कोणत्या प्राण्याला औषध मिळाले हे तपासणाऱ्यापासून लपवून ठेवण्याचा आग्रह धरला आहे.