अणु अभियांत्रिकीसाठी महाविद्यालय निवडताना आधी पदवीचे नाव वाचा

नमस्कार. बारावीचा निकाल लागला की ठाणे, वाशी, खारघर येथून एकच प्रश्न सातत्याने येतो : "अणुऊर्जेत जायचे आहे, कोणते कॉलेज घेऊ?" खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि वाशीतच मसाल्यांवर विकिरण प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे, त्यामुळे येथील मुलांना हे क्षेत्र परके वाटत नाही, याचा मला मनापासून आनंद वाटतो. शुल्क, वसतिगृह, एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता हे तुम्ही पाहालच. त्यावर मी वेळ घालवत नाही.

मला बोलायचे आहे ते प्रमाणपत्रावर छापल्या जाणाऱ्या पदवीच्या नावाबद्दल. एम.टेक. प्रवेशासाठी आणि सरकारी कंपन्यांतील भरतीसाठी अभियंते देतात त्या 'गेट' या देशपातळीवरील परीक्षेत अणु अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर नाही. म्हणजे या शाखेत चार वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्यालाही शेवटी मेकॅनिकलसारखा एखादा पेपर निवडून, तोच विषय चार वर्षे शिकलेल्यांशी स्पर्धा करावी लागते. आणि देशातील अणुवीज केंद्रे चालवणारी सरकारी कंपनी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन प्रशिक्षणार्थी अभियंत्यांच्या पदासाठी मुलाखतीला बोलावताना गेटचेच गुण पाहते.

अमेरिकेतील अभ्यासक्रमांबाबत तर अधिकच काळजी घ्यावी. तेथे 'न्यूक्लिअर इंजिनिअरिंग' आणि 'न्यूक्लिअर इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' या दोन वेगळ्या पदव्या आहेत. 'एबेट' ही मूल्यांकन संस्था त्यांना दोन वेगळ्या आयोगांमार्फत मान्यता देते. पहिलीत गणित आणि अणुभट्टीची रचना यांवर भर असतो, तर दुसरीत संचालन, देखभाल, उपकरणे आणि विकिरण सुरक्षा यांवर. एक्सेलसिअर विद्यापीठाची टेक्नॉलॉजीची पदवी नौदलाच्या अणुभट्ट्यांवर काम केलेल्या अनेकांना उपयोगी पडते. ती पदवी चांगलीच आहे. पण ती आणि अभियांत्रिकीची पदवी एकच आहे, असे समजून कर्ज काढू नका.

कोपरखैरण्यातील माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने प्रवेशाचे पैसे भरले आणि त्यानंतर भरतीची जाहिरात उघडली. पात्र शाखांच्या यादीत मुलीच्या शाखेचे नाव नव्हते. महाविद्यालयाचे उत्तर होते, "समकक्षच आहे." समकक्षता महाविद्यालय ठरवत नाही, नोकरी देणारी संस्था ठरवते, आणि हे पालकांना प्रवेशाच्या टेबलावर कोणी सांगत नाही, याची मला खरोखर चीड येते.

गेल्या व्हिडिओखाली एकाने विचारले होते, "बी.टेक. न्यूक्लिअर नसेल तर भाभा केंद्रात घेतात का?" घेतात. 1957 मध्ये सुरू झालेले तेथील प्रशिक्षण विद्यालय मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल अशा शाखांच्या पदवीधरांना घेऊन वर्षभर अणुविज्ञान शिकवते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आधी चांगल्या महाविद्यालयातून अशाच एखाद्या मूळ शाखेची पदवी घ्यावी, आणि ओढ टिकली तर कानपूरच्या आयआयटीसारख्या ठिकाणी या विषयात एम.टेक. करावे.

तरीही थेट न्यूक्लिअरचा अभ्यासक्रमच घ्यायचा असेल, तर पैसे भरण्याआधी महाविद्यालयाला ईमेल करून प्रमाणपत्रावरील पदवीचे आणि शाखेचे अचूक नाव लेखी मागवा, आणि मागील दोन-तीन वर्षांच्या भरतीच्या जाहिराती शेजारी ठेवून ते नाव शब्दशः ताडून पाहा.