महाराजांचा चहा आणि गंगाराम कांबळ्यांचं नाव

[दृश्य: कोल्हापूर, गंगावेस, दूध कट्टा. म्हशी, ग्लास घेऊन थांबलेली गिऱ्हाइकं.]

गंगावेशीत म्हैस समोर उभी असते. धार ग्लासात पडते, फेस काठावर येतो आणि तो ग्लास तसाच तुमच्या हातात येतो. सगळं डोळ्यांदेखत. इथं गवळ्याचं नाव विचारायची गरज पडत नाही. पण हेच दूध रतीबानं दारात येतं, बंद किटलीतून, तेव्हा घरातले आधी ‘कुणाचं दूध’ ते विचारतात. ‘पाणी घालतोय’ एवढी कुजबुज गल्लीत पसरली, की वर्षानुवर्षांचा रतीब तुटतो. मग ती कुजबुज खरी असो वा खोटी.

[दृश्य: पेठेतली गल्ली, तालमीचा कट्टा.]

पेठेत अनोळखी पोरगा दिसला, की कट्ट्यावरनं हाक येते, “तू कुणाचा रं?” विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आपुलकीच असते. पण ज्याच्याकडं सांगण्यासारखं उत्तर नाही, त्याला हा प्रश्न किती टोचतो, हे महाभारतानं फार पूर्वी दाखवलंय. राजकुमारांच्या शस्त्रपरीक्षेच्या मैदानात धनुष्य घेऊन उभ्या राहिलेल्या कर्णाला कृपाचार्य कुळ विचारतात, आणि त्याची मान खाली जाते. हातातल्या विद्येबद्दल कुणीच काही विचारत नाही.

दुर्योधन पुढं होतो, त्याला अंगदेशाचा राजा करतो. कर्णाला नाव मिळालं, पण ते कर्जाऊ. जन्मभर तो ते फेडत राहिला.

मूळचे आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक होते, त्याच काळात, 1967 साली त्यांची ‘मृत्युंजय’ आली. तिच्यात कर्ण एकटा बोलत नाही. कुंती बोलते, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्णही. मला ही रचना फार खरी वाटते, कारण माणसाचं नाव असंच इतरांच्या तोंडून घडत असतं.

महाभारताच्या वनपर्वात सूर्य कर्णाला सावध करतो: इंद्र कवचकुंडलं मागायला येईल, देऊ नकोस. कर्ण म्हणतो, जीव गेला तरी चालेल, कीर्ती जाता कामा नये. सूर्य बजावतो, कीर्ती जिवंतपणी कामाची. मेल्यावर ती प्रेताच्या गळ्यातल्या हारासारखी. कर्ण ऐकत नाही. ज्याला जन्मानं नाव नाकारलं गेलं, तो कमावलेलं नाव कसं सोडणार?

[दृश्य: भाऊसिंगजी रोड, आजची वर्दळ.]

याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’. गंगाराम आधी संस्थानच्या चाकरीत होते. दलित माणूस पाण्याला शिवला, एवढ्यावरनं त्यांना मार खावा लागला होता. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःच्या धंद्यावर उभं राहायला पाठबळ दिलं.

हॉटेल स्वच्छ होतं, चहा चांगला होता. गिऱ्हाईक मात्र फिरकत नव्हतं. मालक कोण, हे गावाला ठाऊक होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

मग महाराजांची गाडी हॉटेलासमोर थांबू लागली. महाराज चहा मागवत, सगळ्यांदेखत पीत आणि बरोबरच्या वरच्या जातीच्या मंडळींनाही पाजत. 1902 साली 50 टक्के राखीव जागांचा हुकूम काढणाऱ्या राजाला इथंही फर्मान काढता आलं असतं. त्यांनी स्वतःचं नाव पणाला लावलं. भर रस्त्यात, लोक बघत असताना. दुर्योधनानं कर्णाला नाव दिलं ते आपल्या बाजूला एक योद्धा हवा म्हणून. महाराजांनी गंगारामांना कुणाच्याही बाजूला बांधलं नाही. गल्ला गंगारामांचा, पाटीही गंगारामांचीच.

[दृश्य: नंगीवली चौक.]

1922 साली महाराज गेले. पुढं नंगीवली चौकात त्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यासाठी पुढाकार घेतला होता गंगाराम कांबळे यांनी.