नाल्याला हद्द कळत नाही: कोल्हापूर आणि भोवतालच्या गावांचे आराखडे

मंडळी, कोल्हापुरात हद्दवाढीचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. शहरातले म्हणतात, १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून हद्द आहे तिथंच आहे, शहरानं वाढायचं कुठं? गावांतले म्हणतात, घरफाळा वाढणार, शेतावर आरक्षण पडणार, आणि बदल्यात मिळणार काय? मला दोघांचंही पटतं. आज मात्र त्या वादात शिरायचं नाही. हद्द कुठंही आखा, तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा आराखडा एकमेकांना जुळलाच पाहिजे. हद्दवाढीचा निकाल लागेपर्यंत ते काम थांबवणं आपल्याला परवडणारं नाही.

जयंती नाल्याचंच बघा. कळंबा तलाव भरला की सांडव्यावरचं पाणी नाल्यात उतरतं आणि भर शहरातून पंचगंगेला जातं. तलाव महापालिकेचा, पण त्याला पाणी येतं ते कात्यायनीच्या डोंगराकडून, ग्रामपंचायतींच्या शिवारातून. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी आणि मग ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते. तेव्हा नदीचं पाणी उलटं नाल्यात शिरतं. नाल्याकाठच्या सुतारवाड्यातल्या कुटुंबांना आधी बाहेर काढावं लागतं, मग शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी येतं. २०१९ साली नदी ५५ फुटांच्याही वर गेली होती. अशा वेळी वरून येणाऱ्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. आता वरच्या अंगाला एखादा ओढा पाईपमध्ये घातला, डोंगराच्या उतारावर प्लॉट पाडले, की पूर्वी जमिनीत मुरणारं पाणी थेट खाली येतं. तिथल्या लेआउटला मंजुरी देणारं कार्यालय वेगळं, नाला साफ करणारं वेगळं, पूररेषा आखणारं तिसरंच. प्रत्येकाची फाईल नियमाप्रमाणे चोख असते आणि सुतारवाड्यात पुन्हा पुन्हा पाणी येतं. हे मला सहन होत नाही, म्हणून मी इथं उभा आहे.

कायद्यात याची सोय नाही असं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याचं कलम २७ सांगतं की शहराची विकास योजना करताना प्रादेशिक योजनेतल्या, म्हणजे भोवतालच्या अख्ख्या प्रदेशासाठी केलेल्या योजनेतल्या, प्रस्तावांचा विचार करायचा आणि त्यांच्या मार्गदर्शनानं चालायचं. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती आणली. गावांच्या आणि शहरांच्या योजना एकत्र करताना जागेचं नियोजन आणि पाण्याची वाटणी यांकडं लक्ष देणं हे तिचंच काम. आपल्याकडं समितीची बैठक म्हटलं की निधीवाटप एवढंच डोळ्यासमोर येतं. २०१७ साली ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, तेही लोकांना बांधकाम परवान्यापुरतंच ठाऊक.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांचा अनुभव आपल्या कामाचा आहे. तिथं उपनगरं वाढली आणि शोषखड्ड्यांचं पाणी विहिरींत उतरलं. १९६७ साली सात काउंट्यांसाठी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांसाठी, एक महानगर परिषद नेमली गेली. गावं विलीन केली नाहीत. १९७६ च्या कायद्यानं प्रत्येक गावाला स्वतःचा आराखडा करायला लावला, पण सांडपाणी, वाहतूक आणि मोठी उद्यानं यांबाबत तो परिषदेच्या धोरणाशी जुळलाच पाहिजे, अशी अट घातली. त्याआधी १९७१ साली आणखी एक कायदा झाला होता. त्यानुसार व्यापारी आणि औद्योगिक करपात्र मूल्यात जी वाढ होईल, तिचा ४० टक्के हिस्सा सगळ्यांच्या सामायिक वाट्यात जातो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती शहराच्या हद्दीबाहेर आहेत हे लक्षात घेतलं, तर या तरतुदीचं मोल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडंही मोजक्याच गोष्टी सक्तीनं एक करायला हव्यात: ओढे-नाले, पूररेषा, मैलापाणी आणि मोठे रस्ते. बाकी बाजार कुठं भरवायचा, मैदान कुठं ठेवायचं, हे गावानं ठरवावं. पूररेषेच्या बाबतीत मात्र मी अजिबात सवलत देणार नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर आपण एवढ्यातच पाहिले. शहराच्या काठावर भराव पडला की पाणी पलीकडं वडणगे, आंबेवाडी, प्रयाग चिखलीच्या अंगावर जातं. तिथल्या ग्रामपंचायतीला त्या भरावाबद्दल कुणी विचारतं का?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. शहराच्या आणि ४२ गावांच्या आराखड्यांचे नकाशे एकाच मापात, जमिनीच्या पातळ्यांसह जोडून लावा. तेही हरकती मागवण्याआधी, ग्रामसभेच्या भिंतीवर. जयंती नाल्यापासून सुरुवात करा. कळंब्याच्या ग्रामसभेला सुतारवाड्यातल्या लोकांना बोलवा, आणि दोघांनी मिळून एकच हरकत लिहून द्या.