डबी खुळखुळू नये म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळच्या लेडीज डब्यात किती आवाज असतात. बांगड्या, मोबाइल, भाजी निवडत चाललेल्या गप्पा. त्यातच एक आवाज असा, की तो कुणाच्या कानी पडू नये म्हणून काही बायका जिवाचा आटापिटा करतात. प्लास्टिकच्या डबीतल्या तीस गोळ्यांचा खुळखुळाट. एआरटी सेंटरवरून, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात त्या केंद्रावरून, औषध घेतलं की त्या आधी डबीवरचं लेबल नखानं खरवडून काढतात आणि मग आत कापसाचा बोळा कोंबतात.

मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात बरीच वर्षं एचआयव्हीची समुपदेशक होते. बायकांच्या भाषेत 'काउन्सेलर मॅडम'. ही कापसाची युक्ती मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवली नव्हती. विरारहून येणाऱ्या एका बाईनं दाखवली. एवढ्या लांब का येतेस, विचारलं, तर म्हणाली, "जवळच्या सेंटरवर गल्लीतलं कुणी भेटलं तर?" ती चार घरी धुणीभांडी करायची. आमचं सेंटर चालायचं नेमकं तिच्या कामाच्या वेळेत. आली की खाडा, खाड्याचे पैसे कापले जायचे, म्हणून कधी कधी यायचीच नाही. आम्ही तिच्या कागदावर लिहायचो: अनियमित. सेंटरची वेळ तिला जमत नाही, हे लिहायला कागदावर रकानाच नव्हता. आणि खरं सांगते, तो असावा असं मलाही सुचलं नव्हतं. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही.

आज बोलायचंय ते या रकान्याबद्दल. तो कोण आखतं, आणि आखताना गोळी खाणारी बाई त्या खोलीत असते का?

आपल्या देशात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली, चेन्नईत, आणि तोही बायकांच्याच रक्ताच्या नमुन्यांत. त्यानंतर कितीतरी वर्षं सरकारी नजरेला बाई दोनच रूपांत दिसली: एक रोग पसरवणारी, दुसरी बाळाला जन्म देणारी. प्रसूतीच्या वेळी तिला नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला त्याच औषधाचा डोस मिळायचा. बाळ वाचावं म्हणून. ते योग्यच होतं. पण नंतर आईचं काय? १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू झालं, आपलं जे.जे. रुग्णालय पहिल्या काही केंद्रांपैकी एक. तरी सीडी४ पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, ठरलेल्या आकड्याखाली घसरेपर्यंत थांबा, असा नियम होता. म्हणजे तब्येत बिघडायची वाट बघायची! एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभराचं पूर्ण औषध द्यायचं ठरलं २०१४ मध्ये. आणि निदान झालं की लगेच सगळ्यांनाच औषध, हे २०१७ मध्ये.

आता एक लांबची गोष्ट सांगते, पण ती त्या डबीतल्या गोळीचीच आहे. आज आपल्याकडे बहुतेकांना मिळणाऱ्या गोळीत डोल्युटेग्राविर नावाचं औषध असतं. चांगलं औषध, पचायला सोपं. मे २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या एका पाहणीतून बातमी आली: गर्भ राहतेवेळी हे औषध घेत असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांच्या मेंदूत किंवा मणक्यात दोष आढळला. धास्ती वाटणं साहजिक होतं. पण अनेक देशांनी काय केलं? मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हे औषधच द्यायचं थांबवलं. मूल हवंय का, कधी हवंय, हे कुणी विचारलं नाही. मग त्याच जुलैत आफ्रिकेतल्या १८ देशांतल्या ३९ बायका रुवांडात किगालीला जमल्या. सगळ्या एचआयव्हीसह जगणाऱ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: धोका आम्हाला समजावून सांगा, गर्भनिरोधक साधनं उपलब्ध करा, आणि निर्णय आमचा आम्हाला घेऊ द्या. पुढे पाहणीतले आकडे वाढत गेले तसा तो धोका बराच कमी असल्याचं दिसलं, आणि जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध बायकांसकट सगळ्यांसाठी सुचवलं. बदल आकड्यांमुळे झाला, हे खरंच. पण आकडे येईपर्यंत 'आम्ही म्हणजे फक्त गर्भाशय नव्हे' हे जाहीरपणे सांगायला त्या बायका उभ्या राहिल्या.

आपल्याकडेही अशी जागा मिळवावी लागली. एचआयव्ही-एड्स कायद्याचा पहिला मसुदा लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेनं एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या गटांशी बोलून तयार केला. २००६ मध्ये तो सरकारकडे गेला. कायदा झाला २०१७ मध्ये, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. बारा वर्षं! त्यातलं कलम ९ माझ्या फार जवळचं आहे. एखाद्याला एचआयव्ही असल्याचं डॉक्टर त्याच्या जोडीदाराला कधी सांगू शकतात, ते त्यात आहे. आणि तिथंच लिहिलंय, की सांगितल्यानं बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर सांगायचं नाही. हे वाक्य कुठल्या तरी स्वयंपाकघरात रडून झाल्यावर आलेलं आहे, असं मला दर वेळी वाटतं. याच कायद्यात राहत्या घराचा हक्कही आहे. नवरा गेल्यावर सासरचे "तूच त्याला खाल्लंस" म्हणत बाहेर काढू पाहतात, तेव्हा हे कलम उपयोगी पडतं. कोर्टात जाताना नाव झाकता येतं. वीस किंवा जास्त लोक असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि या कायद्याखालच्या तक्रारींसाठी राज्यानं नेमलेल्या लोकपालानं तीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. एचआयव्हीसंबंधी काही विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक आहे, फुकट.

एक गोष्ट मात्र अजून मागावी लागतेय. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांपेक्षा सहापट असतो. तिची तपासणी पंचविशीपासून सुरू करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण मी बसायचे त्या खोलीत दर महिन्याला वजन, गोळ्या मोजणं, सही एवढंच व्हायचं. तपासणीचं कुणी विचारत नसे. मीसुद्धा नाही.

ती विरारची बाई पुढे एका बैठकीला गेली. दीपप्रज्वलन तिच्याच हस्ते झालं, गुलाबाचं फूल मिळालं, फोटो निघाला. बोलायची वेळ आली तेव्हा साहेबांना दुसरीकडे जायचं होतं. ती उठून म्हणाली, "सर, दोन मिनिटं. आठवड्यातून एक दिवस सेंटर संध्याकाळी आठपर्यंत ठेवा." साहेब म्हणाले, "पाहू." इतिवृत्तात आलं: 'वेळेबाबत चर्चा झाली.'

तिनं त्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवली. पुढच्या बैठकीला ती घेऊनच गेली, आणि या वेळी आणखी तिघी सोबत होत्या.

नमस्कार.